भोकं मापात, शटर मापात, तरी दारं एकमेकांवर घासतात: ३५ एमएम कप हिंजचं एक प्रकरण

पुण्यात नऱ्हे-धायरीकडे लहान लहान फर्निचर वर्कशॉप खूप आहेत, त्यातल्या एका वर्कशॉपमधलं हे प्रकरण. मालक काका जुने सुतार, हाताखाली एक मिस्त्री आणि दोन हेल्पर, बोर्ड कापायचा पॅनल सॉ आहे, एज बँडिंगचं, म्हणजे बोर्डच्या कडेला पट्टी चिकटवायचं, हाताने चालवायचं मशीन आहे आणि ऑटो हिंजची, म्हणजे ज्याची गोल वाटी (कप) दाराच्या आतल्या बाजूच्या ३५ एमएमच्या भोकात बसते त्या कप हिंजची, भोकं पाडायला पिलर ड्रिल, म्हणजे उभं ड्रिल मशीन. हिंजची तयार बोअरिंग मशीन, म्हणजे जी ३५ चं भोक आणि बाजूची दोन छोटी भोकं एका दाबात मारते, ती यांच्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर एवढ्या कामाला ती लागतही नाही. मी फिटिंग आणि हार्डवेअरच्या कामात आहे, कुठं दार बसत नसलं, चॅनल अडकत असलं की फोन येतो. तसा काकांचा आला, "अहो, एका किचनचं काम अडकलंय, हिंज खराब निघालेत सगळे, जरा येऊन बघता का."

साइटवर गेलो तर खालची कॅबिनेटची रांग अशी दिसत होती: काही कॅबिनेटवर दोन शटरमधली, म्हणजे दोन दारांमधली, मधली फट चांगली बोटभर वाटावी अशी, हिंजचे स्क्रू मधोमध आणून मोजली तर ७ एमएम, आणि शेजारच्या कॅबिनेटचं शटर आणि हे शटर जिथं एकमेकांच्या बाजूला येतात तिथं फटच नाही, कडेला कड घासतेय, लॅमिनेटच्या कडेला पांढरा घासा पडलेला. दोन ठिकाणी फट १ एमएम. आणि मध्येच एखादं कॅबिनेट एकदम व्यवस्थित, ३ ची फट इकडं पण, तिकडं पण. फिटरने स्क्रू फिरवून फिरवून बघितलं होतं, तो म्हणाला, "साहेब, बाजूचा स्क्रू पार शेवटाला नेला तरी पुरत नाही, आणि वर्कशॉपमध्ये लावलं तेव्हा सगळं लाइनमध्ये होतं, माझ्यासमोर फोटो काढलेत."

त्याचं हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. वर्कशॉपमध्ये लाइनमध्ये होतं आणि साइटवर बिघडलं. काकांचा अर्थ सरळ होता, हिंज ढिले पडले, म्हणजे माल खराब. ते दुसऱ्या कंपनीचे हिंज मागवायच्या तयारीत होते.

इथं मी त्यांना थांबवलं, कारण हिंज बदलणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. कपाचं भोक बहुतेक सगळ्यांचं ३५ असतं हे खरं, पण कपाच्या दोन कानांचे स्क्रू कुठं येतात ते कंपनीप्रमाणे बदलतं. ब्लमचं माप ४५ आणि ९.५, म्हणजे दोन स्क्रूमध्ये ४५ एमएम आणि ती रेषा कपाच्या मध्यापासून ९.५ मागे. हेटिकचं ५२ आणि ५.५. बाकी बऱ्याच जणांचं ४८ आणि ६. एक काढून दुसरा लावला की जुन्या स्क्रूच्या भोकाच्या शेजारी दोन-चार एमएमवर नवीन भोक येतं, ते जुन्यात सरकतं, स्क्रू पकडत नाही, आणि मग खरोखरच दार लोंबायला लागतं. म्हणजे आत्ता जो दोष नाही तो आपण तयार करतो.

म्हणून आधी एक साधी तपासणी केली. नीट बसलेल्या शटरचे दोन्ही हिंज काढले आणि बिघडलेल्या शटरला लावले, त्याचे याला. सगळे हिंज एकाच बॉक्समधले, त्यामुळे स्क्रूची भोकं जुळतातच. सगळे स्क्रू आधी मधोमध आणून ठेवले. निकाल असा की चांगलं शटर दुसऱ्याचे हिंज लावूनही चांगलंच बसलं आणि बिघडलेलं बिघडलेलंच राहिलं. दोष शटरबरोबर फिरत होता, हिंजबरोबर नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हिंजला नाव ठेवायच्या आधी हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, कारण हिंजच्या नावावर खपवलेल्या तक्रारींत बऱ्याचदा भोकाचीच गोष्ट असते.

मग कॅबिनेट बघितली. कर्ण मोजले, सारखे. हिंजची प्लेट पाखाला, म्हणजे कॅबिनेटच्या बाजूच्या फळीला, जिथं लागते ती भोकं पुढच्या कडेपासून ३७ वर, दोन भोकांत ३२, सगळीकडे ठीक. शटरची रुंदी-उंची टेपने मोजली, कटिंग लिस्टशी जुळली, अर्धा एमएमसुद्धा इकडं तिकडं नाही. ६०० च्या कॅबिनेटला २९७ ची दोन शटर, म्हणजे मध्ये ३ आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंना दीड दीड, शेजारचं कॅबिनेट आलं की दीड अधिक दीड तीन. हिशोब एकदम बरोबर होता.

काकांना कपाचं भोक कडेपासून किती घेतलं विचारलं तर ते म्हणाले, "कड ४ सोडलीय, सेंटर २१.५, फेन्स लावून मारलंय, हाताने खूण करून नाही, सगळ्यांना तेच." आणि ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला जाऊन पिलर ड्रिलवर फेन्सपासून, म्हणजे शटरची कड टेकवायच्या सरळ लाकडी आधारापासून, बिटच्या टोकापर्यंत मी स्वतः मोजलं, २१.५.

इथं ज्यांना हे रोजचं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कप हिंजचं दार कॅबिनेटच्या पाखावर किती चढेल, म्हणजे ओव्हरलॅप किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: हिंज कुठल्या क्रँकचा आहे (० म्हणजे पूर्ण चढणारा, ८ म्हणजे अर्धा, १६ म्हणजे आतल्या दाराचा), कपाच्या भोकाबाहेर दाराची किती कड सोडलीय, आणि कॅबिनेटला लावलेली प्लेट किती उंच आहे. कड १ एमएमने वाढली की ओव्हरलॅप १ ने वाढतो. प्लेट १ ने उंच घेतली की ओव्हरलॅप १ ने कमी होतो. बाकी सगळं त्याच्यावरच. कड साधारण ३ ते ६ मध्ये ठेवतात, कपाचं अर्धं १७.५, म्हणून ४ सोडली की सेंटर २१.५.

आता साइटवर दिसणारा प्रकार या हिशोबात टाका. मधली फट ३ ची ७ झाली, म्हणजे दोन शटर मिळून ४ बाहेर गेली, प्रत्येकी २. शेजारच्या कॅबिनेटकडची फट, दोन्ही शटर बिघडलेली असतील तर ३ मधून ४ गेले, म्हणजे फट संपून १ एमएम एकमेकांवर, घासणारच. एकच बिघडलेलं असेल तर ३ मधून २ गेले, १ उरला. साइटवर अगदी हेच आकडे होते. म्हणजे काही शटरचा ओव्हरलॅप बरोब्बर २ ने जास्त होता, दीड नाही, अडीच नाही. हाताने भोक मारताना चूक होते ती अशी कधीच एकसारखी होत नाही, कुठं १ तर कुठं ३ अशी विखुरते. एकसारखा २ म्हणजे कुठलीतरी २ एमएमची वस्तू या हिशोबात शिरलेली असणार.

ती वस्तू डोळ्यासमोरच होती, २ एमएमची एज बँड पट्टी. पण नुसता तर्क करून चालत नाही, दाखवता आलं पाहिजे, कारण काका फेन्सचं माप दाखवून मला खोटं पाडू शकत होते. कडेपासून कपापर्यंत मोजायचं तर लॅमिनेट थोडं चिपलेलं, कपाची कड गोल, व्हर्नियरचं टोक नीट टेकत नाही, अर्ध्या एमएमवर वाद होतो. म्हणून दोन शटर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, एक चांगलं, एक बिघडलेलं, दोन्हींची उंची ७१७. आणि वरच्या कपाच्या कडेपासून खालच्या कपाच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत टेप लावला. चांगल्याचं ५१७ आलं, बिघडलेल्याचं ५१३.

उंची सारखी आणि दोन कपांतलं अंतर ४ ने कमी. हे बघितल्यावर मिस्त्री दादा स्वतःच बोलले, "अरे, हे तर पट्टी लावायच्या आधी मारलेत."

झालं असं होतं. खालच्या रांगेच्या रंगाचा पट्टीचा रोल यायला उशीर झाला. काम थांबायला नको म्हणून मधल्या वेळात त्या रांगेतल्या बऱ्याच शटरची हिंजची भोकं मारून घेतली, रोल आल्यावर पट्टी लावली. बाकीच्या शटरना आधी पट्टी, मग भोक, नेहमीसारखं. कटिंग लिस्टमध्ये पट्टीसाठी प्रत्येक बाजूला २ आधीच वजा केलेले होते, म्हणून कच्चं शटर ७१३ आणि २९३ चं होतं, पट्टी लागल्यावर बरोबर ७१७ आणि २९७. त्यामुळं शटरचं माप कधीच चुकलं नाही. भोक कच्च्या कडेपासून २१.५ वर, वर-खाली कच्च्या कडेपासून १०० वर. पट्टी चढल्यावर ते २३.५ आणि १०२ झालं. कड ४ ची ६ झाली, आणि वरचं भोक २ खाली, खालचं भोक २ वर, म्हणून कपांमधलं अंतर ४ ने कमी.

फेन्स बरोबर, टेप बरोबर, कटिंग बरोबर, माणसं काळजीपूर्वक काम करणारी. फक्त दोन कामांचा क्रम उलटा झाला, आणि चूक कुठल्याही एका मापात सापडत नव्हती कारण ती दोन मापांच्या मध्ये बसली होती.

मग वर्कशॉपमध्ये लाइनमध्ये कसं दिसलं? हिंजला बाजूला साधारण २ एमएम हलवायची सोय असते, उंचीला प्लेटच्या लांबट भोकातून २ वर २ खाली. फिटरने वर्कशॉपच्या सपाट फरशीवर बाजूचा स्क्रू पूर्ण आत घेतला, २ भरून निघाले. वरची प्लेट पूर्ण खाली, खालची प्लेट पूर्ण वर सरकवली, उंचीचे ४ भरून निघाले. सगळं सुंदर दिसलं, फोटो निघाले. पण हिंजमधली सगळी सोय तिथंच खर्च झाली. साइटवर भिंत थोडी बाहेर झुकलेली, फरशीला उतार, कॅबिनेट जोडताना पाखं किंचित वळली, तेव्हा फिटरने शटर लाइनमध्ये आणायला स्क्रू उलटे-सुलटे फिरवले आणि एकदा जागेवरून हलवल्यावर परत शेवटाला जाऊनही पुरेना. उंचीला तर ती शटर हलतच नव्हती, वरची प्लेट सैल केली तरी खालची धरून ठेवायची.

यावर माझं मत ठाम आहे. हिंजमधले ते स्क्रू घराच्या भिंतीसाठी आहेत, वर्कशॉपच्या चुकीसाठी नाहीत. वर्कशॉपमधून शटर निघताना सगळे स्क्रू मधोमध असताना दार जागेवर बसलं पाहिजे. फिटरला मी हेच सांगतो, वर्कशॉपमध्ये ॲडजस्ट करू नको, स्क्रू मधोमध ठेव आणि फट मोज, फट चुकीची आली तर मला हाक मार, लपवू नको. इथं फिटरने स्क्रू फिरवून दार लाइनमध्ये आणलं तिथंच दोष दिसायचा बंद झाला, नाहीतर तो वर्कशॉपच्या दारातच कळला असता.

आता दुरुस्ती. पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो, भोक बुजवा आणि नवीन मारा. ३५ च्या भोकात लाकडाची चकती ॲराल्डाइटने बसवायची, वाळली की रंध्याने नाही तर पटाशीने सपाट करायची, आणि २ एमएम सरकून परत ३५ मारायचं. होतं हे, केलेलं पण आहे लोकांनी, पण त्यात शटरच्या आतल्या बाजूचा लायनर, म्हणजे वरचा पातळ थर, दोनदा कापला जातो, चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कपाच्या बाहेर दिसत राहतो, आणि कडेला आधीच कमी लाकूड असतं तिथंच आपण परत बिट फिरवतो. प्लायमध्ये मध्येच पोकळ गॅप निघाला तर कडच फुटते. बुजवल्याशिवाय तर बिट सरकवताच येत नाही, सेंटरच्या टोकाला पकडायला लाकूडच उरलेलं नसतं.

इथं वरचा हिशोब कामाला आला. कड २ ने वाढलीय, म्हणून ओव्हरलॅप २ ने वाढलाय. प्लेट २ ने उंच केली की ओव्हरलॅप २ ने कमी. म्हणजे भोकाला हात न लावता फक्त ० ची प्लेट काढून २ ची प्लेट लावायची. कड ६ झालेली होती आणि या हिंजच्या तक्त्यात ६ पर्यंत चालतं, हे आधी बघितलं, कारण समजा त्यांनी आधीच ६ सोडली असती आणि आता ८ झाली असती तर हा मार्ग बंद होता, भोकं बुजवावीच लागली असती. एका शटरला २ च्या प्लेट लावल्या, स्क्रू सगळे मधोमध, आणि फट ३ आली. दार पूर्ण उघडून आतली कड पाखाला लागते का बघितलं, नाही लागली. काकांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथं उतरला, कारण ते तेवढी शटर नवीन करायचा हिशोब मनात घेऊन बसले होते. २ ची प्लेट प्रत्येक दुकानात नसते, ० चीच ठेवतात, त्यामुळे मागवायला लागली, पण शटरच्या किमतीपुढं ती काहीच नाही.

उंचीच्या ४ एमएमला प्लेटचं असं सोपं उत्तर नाही. कपांमधलं अंतर आता ५१३ आहे आणि प्लेटमधलं ५१७, ते लांबट भोकात ओढूनच जुळतं. सरसकट सगळी कॅबिनेट खोलायची का, यावर आमची थोडी चर्चा झाली. मी म्हटलं नको. दोन्ही प्लेट टोकाला सरकवल्या तर शटर बरोबर उंचीलाच बसतं, फक्त पुढं हलवायला जागा नसते, आणि खालच्या कॅबिनेटला पाय आहेत, ते फिरवून कॅबिनेटच वर-खाली करता येतं. म्हणून आधी सगळी रांग पायांवर लेव्हल करून घेतली, जे मुळात व्हायलाच हवं होतं, आणि त्यानंतरही जिथं शटरला उंचीची सोय लागणारच होती, सिंकच्या कॅबिनेटला आणि कोपऱ्याच्या शेजारी, तिथं पाखातली प्लेटची जुनी भोकं १० ची करून १० चा लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, गोंद लावून ठोकला, वाळल्यावर सपाट केला आणि २ सरकवून नवीन भोकं घेतली. ८ चा डॉवेल पुरला नसता, २ सरकल्यावर स्क्रूची कड डॉवेलच्या कडेला जाते.

याच किचनमध्ये दुसरी एक भानगड होती, वरच्या कॅबिनेटच्या शटरवर. ती चकचकीत ॲक्रिलिकची, बोर्ड १६.७५ चा एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाट, ओल सोसणारा बोर्ड), आणि तीन शटरवर पुढून छोटा फुगीर ठिपका, उजेडात तिरकं बघितलं की लगेच दिसतो. आतून बिटचं टोक आलेलं.

यात पिलर ड्रिलची एक खोड समजून घेतली पाहिजे. हाताच्या ड्रिलवर बिटला कॉलर लावली तर खोली वरच्या पृष्ठभागापासून मोजली जाते. पिलर ड्रिलचा स्टॉप मात्र टेबलापासून धरतो, बिट टेबलाच्या वर ठराविक उंचीवर थांबतो, मध्ये बोर्ड कितीही जाड असो. म्हणजे जाड शटरवर स्टॉप लावला आणि मग पातळ शटर ठेवलं तर भोक उथळ होतं. तेच झालं, प्लायची शटर लॅमिनेट आणि लायनर धरून २० च्या आसपास, त्यावर स्टॉप लावलेला, ही वरची त्याहून पातळ, कप पूर्ण बसेना, वर राहिला. हेल्परने स्टॉप थोडा सोडला, कप बसला, ठीक. पण आता बिटच्या सपाट तळाखाली ४-५ एमएमच उरलेले, त्यातून बिटचं मधलं टोक अजून २-३ खाली जातं, आणि मध्येच टेबलावर बुशाची एखादी चकली पडून राहिली की शटर तेवढं उचललं जातं आणि भोक तेवढंच जास्त खोल होतं. तीन शटरवर ते झालं. लांब शटर टेबलाबाहेर लोंबत असेल तरी हेच होतं, एका बाजूला वजन पडून दुसरी कड उचलली जाते, म्हणून टेबलाच्या उंचीचा आधार बाजूला हवाच.

त्या तिघांना काही उपाय नव्हता, ॲक्रिलिक फुगलं की फुगलं, नवीनच करावी लागली. पुढच्यासाठी दोन गोष्टी केल्या. या हिंजचा कप व्हर्नियरने मोजला तर १२ च्या आत होता, म्हणून १३ कशाला, १२.५ वर स्टॉप लावला. आणि पातळ बोर्डसाठी एक बिट वेगळा काढून त्याचं टोक ग्राइंडरवर थोडं कमी केलं, एवढंच ठेवलं की सेंटर पकडेल. कार्बाइडचा बिट असेल तर हे हलक्या हाताने करायचं, कड तापली तर गेली. बिट बोथट असेल तर आधी धार लावा नाही तर बदला, लायनर जळून काळा कडा येतो आणि बिट दाबायला लागतो, दाबला की खोलीवर ताबा राहत नाही.

फेन्सवर पण एक काम केलं. आधी फेन्स टेबलाला सरळ टेकलेली होती, त्या कोपऱ्यात बुसा साठतो, आणि शटर फेन्सला टेकतंय असं वाटतं पण मध्ये बुशाची पातळ गादी असते. शटर बिटच्या दिशेला सरकतं आणि कड कमी सुटते. फेन्सच्या खालच्या कडेला लांबभर ३-४ एमएमची खाच मारून घेतली, बुसा त्यात जातो, शटर लाकडाला टेकतं. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन ठोकळे स्टॉप म्हणून लावले, सेंटरपासून १०० वर. डाव्या-उजव्या शटरसाठी माप बदलायचं नाही, फक्त शटर सरकवायचं आणि पट्टी लावलेली कड त्या ठोकळ्याला टेकवायची. पेन्सिलची खूण या सगळ्यात कुठंच नाही. पेन्सिलची रेघच अर्ध्या एमएमची असते आणि बिटचं टोक रेघेच्या या बाजूला की त्या बाजूला हे प्रत्येक माणूस वेगळं ठरवतो.

कपाच्या कानांचे स्क्रू मात्र हातानेच घ्यावे लागतात या मशीनवर, तिथं गुण्या लावून कान कडेला समांतर आहेत का बघायचं, मग २.५ ने आधी भोक आणि ३.५ बाय १६ चा स्क्रू. इम्पॅक्ट ड्रायव्हरने घट्ट करू नका, एचडीएचएमआर आणि पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू शेवटी एकदा कर्रकन फिरला की त्याची पकड संपली. शेवटचे दोन-तीन आटे हाताच्या पेचकसानेच.

क्रमाचं म्हणाल तर काकांनी स्वतःच नियम केला, पट्टी नसलेल्या शटरला पिलर ड्रिलवर चढवायचंच नाही. रोल आला नाही तर शटर थांबतील. मी त्यात एक भर घातली, एखाद्या वेळी खरंच थांबणं शक्य नसेल तर कच्च्या कडेपासून मारा, पण फेन्स आणि दोन्ही ठोकळ्यांच्या समोर पट्टीच्याच जाडीचा तुकडा लावून मारा, म्हणजे तो तुकडाच पट्टीची जागा धरतो आणि माप पट्टी लागल्यानंतरचंच येतं. काकांना ते आवडलं नाही, म्हणाले, "तुकडा लावायचा विसरला की परत तेच." त्यांचं बरोबर आहे, चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये लक्षात ठेवण्यापेक्षा थांबणं स्वस्त पडतं. पाखांवर पण हेच लागू होतं, ३७ चं माप पट्टी लावलेल्या पुढच्या कडेपासून घ्यायचं, तिथं पट्टी ०.८ ची असते म्हणून चूक छोटी होते आणि पुढं-मागं करायच्या स्क्रूमध्ये लपून जाते, पण चूक तीच.

आणखी एक चांगली सवय त्यांनी लावली. प्रत्येक कामाच्या पहिल्या शटरला हिंज लावून, स्क्रू मधोमध ठेवून, ते त्या कामाच्या एका कॅबिनेटवर लगेच चढवतात आणि फट मोजतात, बाकीची भोकं त्यानंतर. आणि टेपने कडेचं माप घेण्याऐवजी दोन कपांमधलं अंतर घेतात, ते मोजायला सोपं आणि त्यात लपवाछपवी होत नाही.

साइटवर शेवटी २ च्या प्लेट लागलेल्या प्रत्येक कॅबिनेटच्या पाखावर, आतल्या बाजूला प्लेटच्या वर, परमनंट मार्करने "प्लेट २" असं लिहून ठेवलं. चार-पाच वर्षांनी एखादा हिंज बदलायला दुसराच कोणीतरी फिटर येईल, त्याच्या बॅगेत ० ची प्लेट असेल, आणि ती लावली तर दार परत २ एमएम बाहेर येईल. फ्लॅटच्या ताईंना पण ते दाखवून ठेवलं, उरलेल्या चार प्लेट त्यांच्याच ड्रॉवरमध्ये पिशवीत घालून दिल्या.